निक डेकॉस, ३५ नंबर आणि क्लब सोडून गेलेली आपली माणसं

टार्नीटकरीण

परवा रात्री लेकाच्या फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) जर्सीवर ३५ आकडा शिवत बसले होते. इस्त्रीने चिकटवलेला आकडा तिसऱ्या धुण्यात सुटायला लागला, पाचाचं पोट वर आलं आणि पोरगं रडकुंडीला आलं. शेवटी सुई काढली, काळा दोरा दुहेरी घेतला आणि कडेकडेने बारीक टाके घालत गेले. तो शेजारी बसून सुईवर नजर ठेवून होता. तीन संपवून पाचावर आले तेव्हा त्याने विचारलं, "आई, निक भारी की त्याचे बाबा भारी?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही मेलबर्नला आलो २०१४ मध्ये आणि निकचे बाबा पीटर डेकॉस खेळायचे थांबले १९९३ मध्ये. चित्रफितीत पाहणं वेगळं, मैदानावर पाहणं वेगळं. म्हणून हा धागा काढते आहे. अण्णा, तुम्ही या मंचावरच असता हे ठाऊक आहे, तुमच्याकडून सविस्तर हवंय.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. निक डेकॉस कॉलिंगवूडकडून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो, जन्म जानेवारी २००३. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथ्या क्रमांकावर क्लबने त्याला घेतलं, २०२२ ला तो पहिला सामना खेळला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा रायझिंग स्टार पुरस्कार घेऊन गेला. २०२३ मध्ये अँझॅक दिनाच्या (इथला सैनिकांचा स्मृतिदिन) सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं पदक, आणि सप्टेंबरात ग्रँड फायनल जिंकणाऱ्या संघात तो आणि त्याचा मोठा भाऊ जोश, दोघंही. वीस वर्षांचा होता तेव्हा! वडिलांचाच ३५ नंबर तो घालतो.

आता माझ्या मनातली दुसरी गोष्ट. आमच्या घरी आणखी एक कॉलिंगवूडची जर्सी आहे, ७ नंबरची. २०१८ मध्ये मुलीसाठी घेतली होती, कारण मायलेकींचा लाडका खेळाडू होता अ‍ॅडम ट्रेलोर. त्याचं धावणं बघूनच मी या खेळाच्या नादी लागले. २०२० चा मोसम संपल्यावर, करार शिल्लक असताना, क्लबने पगाराच्या मर्यादेपायी त्याला वेस्टर्न बुलडॉग्जला देऊन टाकलं. मुलगी दहा वर्षांची होती, दोन दिवस धड जेवली नाही. जर्सी कपाटाच्या तळाशी गेली. पुढे ७ नंबर जोश डेकॉसला मिळाला. आता तीच जर्सी लेकाला बरोब्बर बसते आणि तो म्हणतो ही जोशची. मुलगी पंधरा वर्षांची झालीय, तरी ठामपणे सांगते, ही ट्रेलोरची.

निक मला मनापासून आवडतो. पण त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना ट्रेलोर आणि त्याच्यासारखेच क्लबने दुसरीकडे दिलेले ग्रंडी, स्टीफनसन हे सगळे डोळ्यांपुढे येतात. तुमचं काय होतं?

अण्णा८६

टार्नीटकरीण, प्रश्न विचारलात आणि मी रात्री अकराला चहा टाकला.

मी आलो १९८६ च्या जूनमध्ये. उत्तरेच्या एका कारखान्यात नोकरी, गावात ओळख कुणाची नाही. शिफ्टमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर एक मॅसेडोनियन माणूस होता, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. दुसऱ्याच आठवड्यात शनिवारी मला व्हिक्टोरिया पार्कला घेऊन गेला. स्टेशनातून उतरलं की दोन मिनिटांत मैदान. पाऊस पडून गेलेला, बाहेरच्या बाजूला उभं राहायची जागा, अंगाला अंग लागलेलं, सगळ्यांच्या कोटांना ओल्या लोकरीचा वास. तो मला सारखा एकच सांगत होता, "आमचा पोरगा बघ, आमचा पोरगा बघ." पीटर डेकॉस मॅसेडोनियन कुटुंबातला. वर्तमानपत्रं त्याला मॅसेडोनियन मार्व्हल म्हणायची. माझ्या सोबत्याला त्याच्या गावचा माणूस या देशाच्या सगळ्यात मोठ्या खेळात राजासारखा वावरताना दिसत होता. त्या दिवशी त्याचा चेहरा मी बघितला, तो खेळाइतकाच लक्षात राहिलाय.

पीटर काय करायचा ते सांगतो. हा चेंडू अंडाकृती. जमिनीवर पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. गोल करायचा तर दोन उंच खांबांमधून जायला हवा, त्याचे ६ गुण. बाहेरच्या आखूड खांबापर्यंतच्या जागेतून गेला तर फक्त १. पीटरला चेंडू मिळायचा अगदी कोपऱ्यात, सीमारेषेला पाठ लागलेली असताना, जिथून ते दोन खांब एकामागे एक उभे दिसतात आणि मध्ये फट दिसतच नाही. बाकीचे अशा वेळी मध्ये उंच टोलवून मोकळे व्हायचे. पीटर चेंडू तिरका धरून पायाच्या बाहेरच्या अंगाने असा सोडायचा की तो जमिनीवर टप्पे घेत घेत आत वळायचा. गोलामागे उभी असलेली माणसं आधी गप्प व्हायची. दुसरा टप्पा, तिसरा टप्पा, आणि मग ओरडा.

१९९० मध्ये त्याने एका मोसमात ९७ गोल केले, तेही उंचपुरा, फक्त पुढे उभा राहून झेल घेणारा खेळाडू नसताना. एकूण २५० सामने, ५४९ गोल. क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूची कोपलंड ट्रॉफी १९८२ आणि १९८८ ला, म्हणजे मधल्या फळीत खेळत होता तेव्हासुद्धा.

आणि १९९० म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कसं सांगू? कॉलिंगवूडने १९५८ नंतर फ्लॅग, म्हणजे विजेतेपद, जिंकलाच नव्हता. मधल्या काळात आठ वेळा ग्रँड फायनलमध्ये येऊन हरले. या दुखण्याला लोकांनी नावच दिलं होतं, कॉलिवॉबल्स. १९९० ला एसेंडनला ४८ गुणांनी हरवलं तेव्हा माझा सोबती रडला नाही, नुसता खाली बसून राहिला. ३२ वर्षं वाट पाहिलेली.

तेव्हा तुमच्या लेकाला सांगा, पीटर अशक्य गोष्ट शक्य करायचा आणि निक अवघड गोष्ट सोपी करतो. तुलना कराल तर दोघांवर अन्याय होईल. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: सामना तुमच्या हातात देणारा खेळाडू हवा असेल तर निक. जन्मभर डोळ्यांपुढे राहील असा एक क्षण हवा असेल तर पीटर.

नाशिकची_लेक

अण्णा, वाचताना अंगावर काटा आला. मला या खेळातलं काही कळत नाही, भाऊ मेलबर्नला असतो म्हणून इथे डोकावले. हा खेळ आपल्या एमसीजीवरच होतो ना? जिथे डिसेंबर २०२० ला अजिंक्य रहाणेने ११२ काढून अ‍ॅडिलेडच्या ३६ चा डाग पुसला?

आणि एक शंका, राग मानू नका. बाप खेळला म्हणून मुलगा त्याच क्लबात, हे म्हणजे घराणेशाही झाली की. आपल्याकडे विजय मांजरेकर ५५ कसोट्या खेळले आणि संजय ३७, पण संजयला मुंबईच्या संघात जागा बापाच्या नावावर राखून ठेवली नव्हती.

पश्चिमकडा

नाशिकची_लेक, हो, तेच एमसीजी. हा खेळ क्रिकेटच्याच पोटातून निघाला म्हटलंत तरी चालेल. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा क्रिकेटपटू, हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग हलतं राहावं म्हणून फुटबॉल सुरू करा असं त्याने १८५८ मध्ये सुचवलं आणि १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्नच्या चार माणसांनी बसून नियम लिहिले. मैदान लंबगोल आहे ते क्रिकेटमुळेच.

आता वडील-मुलगा नियम. खेळाडूंची निवड ड्राफ्टने होते, तळाच्या क्लबला पहिली संधी. म्हणजे पोराने लहानपणापासून कुठली जर्सी घातली याला काही किंमत नाही, नाव पुकारेल त्या शहरात जायचं. त्यात एवढीच एक वाट ठेवलीय: वडील एका क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील तर त्या क्लबला मुलाला घेण्याचा पहिला हक्क. आता मुलींच्या स्पर्धेतही मुलींसाठी असा नियम आहे. पण फुकट काही नाही. दुसऱ्या क्लबने बोली लावली की तेवढ्या किमतीचे गुण आपल्या निवडींतून भरावे लागतात. निकवर गोल्ड कोस्ट क्लबने चौथ्या क्रमांकाला बोली लावली आणि कॉलिंगवूडने ती भरली.

त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाला आमच्या बुलडॉग्जनी सॅम डार्सीला घेतलं. बाप ल्यूक डार्सी, आजोबा डेव्हिड डार्सी, तिन्ही पिढ्या फूट्सक्रेच्या याच क्लबच्या. मी क्लबच्या मैदानापासून, व्हिटन ओव्हलपासून, दहा मिनिटांवर राहतो. सरावाला सॅमला बघायला येणाऱ्यांत असे आजोबा असतात ज्यांनी त्याच्या आजोबांना पाहिलंय. याला घराणेशाही म्हणायचं तर म्हणा, पण मैदानावर उतरल्यावर २३ व्या मिनिटाला समोरचा अंगावर येतो तेव्हा आडनाव उपयोगी पडत नाही. कॉलिंगवूडचंच उदाहरण घ्या. गॅव्हिन ब्राऊन २५४ सामने खेळलेला कर्णधार, त्याचे दोन मुलगे कॅलम आणि टायलर याच नियमाने आले, जीव तोडून खेळले, आणि २०२२ नंतर दोघांनाही क्लबने मोकळं केलं.

टार्नीटकरीण, ट्रेलोरबद्दल. तुमचं दुःख मला कळतं, पण दुसरी बाजू ऐका. तो आमच्याकडे आला तेव्हा पहिल्याच वर्षी ग्रँड फायनल खेळला, मेलबर्नकडून ७४ गुणांनी हरलो. २०१८ ला तुमच्याकडून खेळून ५ गुणांनी हरला होता तो. माणूस खचला असता. २०२४ मध्ये ३१ वर्षांचा असताना त्याची पहिल्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवड झाली. त्या रात्री माझी बायको आणि मी टीव्हीपुढे उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुमच्या मुलीला सांगा, त्याला इथे प्रेम कमी पडलेलं नाही.

निळीजर्सी

कार्लटनचा माणूस आहे, कॉलिंगवूडच्या धाग्यावर लिहितोय म्हणजे किती कळवळा असेल बघा.

नियमाबद्दल पश्चिमकड्याशी मी पूर्ण सहमत नाही. गुण भरावे लागतात हे खरं, पण कसे भरतात? २०२१ मध्ये कॉलिंगवूड तळातून दुसरं, १७ वं आलं होतं. त्यांची पहिल्या फेरीची निवड त्यांनी आधीच सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबला विकलेली होती. मग मागच्या फेऱ्यांच्या निवडी गोळा करून, चिल्लर जमवावी तशी, त्यांनी निकची किंमत चुकवली. नियमात बसतं, पण तळाच्या एखाद्या क्लबकडे असा बाप नसेल तर त्याने काय करायचं? पूर्वी तर याहून वाईट होतं. २००१ ला जीलाँगला गॅरी एबलेट ज्युनियर ४० व्या क्रमांकाला मिळाला, २००६ ला टॉम हॉकिन्स ४१ व्या. त्यानंतरच २००७ पासून बोलीची पद्धत आली आणि २०१५ पासून गुणांची. सुधारणा होतेय, अजून व्हायला हवी.

हे डोक्याचं बोलणं झालं. मनाचं बोलणं असं की कार्लटनमध्ये सिल्व्हाग्नी घराणं होतं. सर्जिओ, मग स्टीफन, ३१२ सामने, आमच्या शतकातला सर्वोत्तम फुलबॅक (गोलासमोरचा बचावपटू), मग जॅक. स्टीफनचा १ नंबर जॅकच्या पाठीवर होता. २०२५ संपल्यावर जॅक सेंट किल्डाला गेला. त्याने कायद्याने मिळालेला हक्क वापरला, चूक काहीच नाही. पण माझ्या वडिलांच्या वयाचे शेजारी आहेत, इटलीहून आलेले, त्यांनी अंगणात लावलेला निळा झेंडा त्या आठवड्यात उतरवला होता. मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो, विषय कुणी काढला नाही. टोमॅटोच्या रोपांबद्दल बोललो.

त्यामुळे टार्नीटकरीण, मला वाटतं आपण खेळाडूवर नाही, आपल्या आयुष्यातल्या त्या वर्षांवर प्रेम करत असतो ही जी गोष्ट लोक सांगतात, ती मला पटत नाही. आपण त्या माणसावरच प्रेम करतो. म्हणून दुखतं.

टार्नीटकरीण

निळीजर्सी, शेवटच्या चार ओळी दोनदा वाचल्या. झेंडा उतरवल्याचं वाचून गलबललं.

पश्चिमकडा, मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने काही म्हटलं नाही, पण रात्री कपाट उघडल्याचा आवाज आला.

जेडन स्टीफनसनचं राहिलं होतं. निकच्या आधी कॉलिंगवूडचा रायझिंग स्टार तोच, २०१८ चा. त्याच वर्षी ग्रँड फायनल खेळला. तेव्हा त्याच्याबद्दल आम्ही अगदी आज निकबद्दल बोलतो तसंच बोलायचो, पुढची दहा वर्षं हा क्लब ओढणार म्हणून. दोनच वर्षांत त्याला नॉर्थ मेलबर्नला दिलं, ट्रेलोर गेला त्याच आठवड्यात, आणि २०२४ नंतर वयाच्या २५ व्या वर्षी त्याने खेळणंच सोडलं. म्हणून लेक जेव्हा म्हणतो की निक ४०० सामने खेळणार, तेव्हा मी हो म्हणते, पण मनात धाकधूक असतेच. वीस-बावीस वर्षांची ही मुलं. एक लाख माणसं त्यांच्या नावाने ओरडतात. आपल्या पोरांना बारावीचं दडपण आलं तर आपण घर डोक्यावर घेतो.

मला निकचं सगळ्यात काय आवडतं सांगू? २०२३ ला हॉथॉर्नविरुद्ध फिन मॅगिनेस नावाच्या खेळाडूला फक्त त्याच्या मागे लावलं होतं. सामनाभर सावलीसारखा चिकटला. एरवी तीस-पस्तीस वेळा चेंडू हाताळणारा निक त्या दिवशी पाच वेळा. वर गुडघ्याचं हाड चिरलं. सात आठवडे बाहेर. आणि परत आला तो थेट प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या लढतीला, जी आपण जीडब्ल्यूएसविरुद्ध १ गुणाने जिंकली. मैदानावर आम्ही नव्हतो, घरीच पाहिली. शेवटच्या मिनिटांना मुलगा सोफ्याच्या मागे बसला होता, बघवत नव्हतं त्याला.

हार्बरकाठ

सिडनीहून. सिडनी स्वॉन्स क्लबची मी, त्यामुळे १ गुणाचं महत्त्व मला सांगू नका, २०२२ ला तुम्हाला आम्हीच ९५-९४ ने घरी पाठवलं होतं. :)

ब्राउनलो पदकाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. निकचं खरं दुर्दैव तिथे आहे. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तीन सर्वोत्तम खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात आणि मोसमाअखेर ती मोजतात. २०२३ ला निकला २८ मिळाली, बाँटेम्पेलीला २९, जिंकला लॅकी नील ३१ वर. टार्नीटकरीणने लिहिलेल्या त्या गुडघ्यामुळे साखळीतले शेवटचे तीन सामने तो खेळलाच नव्हता! तीन सामने म्हणजे जास्तीत जास्त नऊ मतं. २०२४ ला तर कहर. तोवरचा विक्रम होता ३६ मतांचा, डस्टिन मार्टिन आणि ऑली वाइन्सचा (१९७६-७७ ला दोन पंच वेगवेगळी मतं द्यायचे, ती वर्षं सोडून). निकने ३८ मिळवली. ती दोन वर्षं सोडली तर आधी कुठल्याही साली तेवढ्यावर पदक मिळालं असतं. त्याच वर्षी पॅट्रिक क्रिप्सला ४५ मिळाली. २०२५ ला पुन्हा दुसरा, मॅट रॉवेल ३९, निक ३२. सलग तीन वर्षं गळ्यापर्यंत येऊन पदक गेलं. पीटरलाही ते कधी मिळालं नाही, म्हणजे घरात अजून नाहीच.

ग्रंडीबद्दल एक सांगायचं होतं. कॉलिंगवूडने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला आणि २०२२ अखेर मेलबर्नला दिला. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूड जिंकलं. तो मेलबर्नमध्ये, मोठ्या सामन्यांना संघाबाहेर. मग आमच्याकडे आला. एससीजीवर त्याचा पहिला मोसम मी पाहिला. मध्यभागी चेंडू वर उडाला की दोन्ही हातांनी जागा करून, प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धरून ठेवून, बोटांच्या टोकांनी नेमका आपल्या माणसाच्या पुढ्यात देतो. इतकं नाजूक काम एवढा मोठा माणूस करतो. २०२४ ला तोही ग्रँड फायनलला पोचला आणि ब्रिस्बेनने आमचा ६० गुणांनी धुव्वा उडवला. सामन्यानंतर कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा मी टीव्ही बंद केला. कॉलिंगवूडवाल्यांनी त्या दिवशी त्याची आठवण काढली का हो?

नाशिकची_लेक

आता मी पण अडकले यात. भारतीय वंशाचं कुणी खेळलंय का?

हार्बरकाठ

खेळलंय. डॅनियल कर, वेस्ट कोस्टचा, २००६ च्या विजेत्या संघातला. त्याचे वडील रॉजर कर कोलकात्यात जन्मलेले. आणि डॅनियलची धाकटी बहीण तुम्हाला नक्की माहीत असेल, सॅम कर, ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल (सॉकर) संघाची कर्णधार. आपल्या मराठी मुलांपैकी कुणी अजून वरच्या पातळीवर दिसलं नाही, पण पश्चिम मेलबर्नच्या ऑसकिकमध्ये (लहान मुलांचे फूटीचे वर्ग) रविवारी सकाळी मैदानावर जाऊन हाका ऐका. निम्म्या आया मराठीत, तेलुगूत, पंजाबीत ओरडत असतात.

टार्नीटकरीण

मी त्यातलीच एक. "वाक, वाक, खाली वाक" असं ओरडते, बाकीची मुलंही वाकतात आता.

हार्बरकाठ, ग्रंडीची आठवण आम्ही काढली. लेकीने काढली आधी.

अण्णा८६

३५ नंबरबद्दल एक राहून गेलं आणि ते लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

सगळे म्हणतात ३५ पीटरचा, मग निकचा. मध्ये तो नंबर सायमन प्रेस्टिजियाकोमोने घातला. प्रेस्टी. बचावातला माणूस, १९९६ पासून २०१० पर्यंत, २३३ सामने. गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच, समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक माणूस थोपवून धरणं हे काम. वर्तमानपत्रात फोटो येत नाही अशा कामाचा. पंधरा वर्षं खेळला. २००२ आणि २००३ ला ब्रिस्बेनपुढे ग्रँड फायनल हरणाऱ्या संघात होता. त्या ब्रिस्बेन संघात आपला आताचा प्रशिक्षक क्रेग मॅक्रे होता, काळाचा फेरा बघा.

मग २०१० आलं. कॉलिंगवूड ग्रँड फायनलला. प्रेस्टीचं वय झालेलं, ही शेवटची संधी हे सगळ्यांना दिसत होतं. जांघेचं दुखणं होतं. लपवता आलं असतं. एक इंजेक्शन घेऊन उभा राहिला असता तर कोण नाही म्हणालं असतं? त्या आठवड्यात त्याने स्वतः जाऊन सांगितलं की मी पूर्ण तंदुरुस्त नाही, दुसऱ्याला घ्या. सेंट किल्डाविरुद्धचा तो सामना ६८-६८ असा बरोबरीत सुटला. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळला गेला आणि कॉलिंगवूड ५६ गुणांनी जिंकलं. प्रेस्टी दोन्ही सामन्यांत नव्हता. विजेत्याचं पदक त्याच्याकडे नाही. मोसमानंतर निवृत्त झाला.

मी तेव्हा एमसीजीच्या दक्षिण बाजूला वरच्या मजल्यावर होतो, दोन्ही शनिवारी. माझा तो मॅसेडोनियन सोबती वारून दोन वर्षं झाली होती. त्याचा मुलगा माझ्याबरोबर आला होता. सायरन वाजल्यावर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि हा पोरगा माझ्या कानात ओरडला, "प्रेस्टी, अंकल, प्रेस्टी!" त्या गोंधळात त्याला आठवण झाली ती न खेळलेल्या माणसाची. मला बाप आठवला त्याचा.

टार्नीटकरीण, तुम्ही विचारलंत ना की टाळ्या वाजवताना गेलेली माणसं डोळ्यांपुढे येतात का. चाळीस वर्षं झाली मला. पीटरने खेळणं सोडलं, मग आमचा कर्णधार बकली निवृत्त झाला, फ्लॅग न जिंकता, २००३ चं ब्राउनलो गळ्यात असून. स्वॉन थांबला पायाचं हाड मोडून. पेंडलबरी अजून आहे, ४०० च्या वर सामने खेळून, आणि त्याच्यावर तर मी वेगळा धागा काढेन: बास्केटबॉलची शिष्यवृत्ती सोडून हा पोरगा फूटीला आला आणि त्याची रिकामी झालेली जागा पॅटी मिल्सला मिळाली, जो पुढे एनबीए जिंकला. सगळे डोळ्यांपुढे येतात. पण त्यामुळे निक लहान होत नाही. उलट त्याच्या पाठीवर ३५ दिसतो तेव्हा मला एका नंबरात तीन माणसं दिसतात.

निळीजर्सी

अण्णा, प्रेस्टीचं मला माहीतच नव्हतं. कार्लटनचा असून सांगतो, असं वागायला छाती लागते.

पश्चिमकडा

+१. आजच्या सामन्यांत दुखापत लपवून खेळणाऱ्याला हिरो म्हणतात. हे मुलांना सांगायला हवं.

नाशिकची_लेक

अण्णा, तुमच्या सोबत्याचं नाव नका सांगू, पण त्याच्या घरच्यांना हे वाचून दाखवा. मराठीत आहे म्हणून काय झालं, अर्थ सांगा.

अण्णा८६

सांगेन. त्याचा मुलगा आजही फोन करतो, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी न चुकता. या वर्षी माझ्या सोबत्याच्या नातवाला घेऊन येणार आहे.

टार्नीटकरीण

काल रात्री लेकाला प्रेस्टीची गोष्ट सांगितली. झोपवताना सांगितली, पण तो उठून बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "त्याला वाईट वाटलं असेल ना, आई, सगळे कप घेऊन नाचत होते तेव्हा?" मी म्हटलं, वाटलं असणार. तो म्हणाला, "पण त्याच्यामुळे जिंकले ना?" मी म्हटलं, त्याच्यामुळेही जिंकले. तेवढ्यावर झोपला.

सकाळी उठून बघते तर डायनिंग टेबलावर ७ नंबरची जर्सी ठेवलेली. मुलीने कपाटातून काढून आणली होती. साताच्या आडव्या रेघेचं एक टोक सुटलंय. सुईदोऱ्याचा डबा शेजारीच होता, मी शिवून द्यावी म्हणून ठेवला असं मला वाटलं. जवळ गेले तर सुईत दोरा ओवलेला होता आणि पहिले चार टाके तिने घातले होते, वाकडेतिकडे. बाकीचे शाळेतून आल्यावर घालणार आहे, हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली आहे.

लेकाने विचारलं, मग ही आता कुणाची, जोशची की ट्रेलोरची? ती म्हणाली, "तू घाल. पण बुलडॉग्जच्या सामन्याला मी येणार आणि ट्रेलोरला टाळ्या वाजवणार." ठरलं आहे.

अण्णा, पहिल्या घरच्या सामन्याला आम्ही चौघं येतोय. मुलाला तुम्हाला भेटायचंय, त्याच्याकडे प्रश्नांची यादी तयार आहे, वहीत लिहून ठेवलीय. तुम्ही रिचमंडला उतरता की जोलिमाँटला?

अण्णा८६

जोलिमाँट. बागेतून चालत जायचं, झाडांखालून, मुलांना आवडेल. सामना सुरू व्हायच्या दीड तास आधी स्टेशनबाहेर उभा असतो, जुना लोकरीचा मफलर, काळा-पांढरा, ओळखाल. दशम्या आणि लसणाची चटणी मी करून आणतो. वही विसरू नका म्हणावं.